हाडे इनामगावची, प्रश्न कोणाचा?

काही महिन्यांपूर्वी शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांतील विज्ञान शिक्षकांसमोर बोलण्याचा योग आला. विषय होता 'विज्ञानातील आंतरराष्ट्रीय सहकार्य'. अशा विषयावर बोलणे सोपे असते. चार देशांची नावे घ्यायची, मोठ्या दुर्बिणींची आणि अवकाशयानांची चित्रे दाखवायची आणि विज्ञानाला सीमा नसतात असे म्हणून खाली बसायचे. मीही साधारण तेच केले. आपल्या संशोधनाची ओळख जगाला करून देण्यासाठी जर्मनीने न्यूयॉर्क, नवी दिल्ली अशा शहरांत केंद्रे उघडली आहेत, जर्मन आणि अमेरिकन संस्था एकत्र येऊन प्रकल्प चालवतात, शिष्यवृत्त्या देतात, हे सांगितले. माझ्याजवळच्या गुळगुळीत माहितीपत्रकांतली छायाचित्रेही दाखवली. पांढरे डगले घातलेली हसरी तरुण मंडळी त्यांत एकाच पडद्याकडे पाहत असतात.

चहाच्या वेळी शिरूर तालुक्यातले एक शिक्षक जवळ आले. म्हणाले, "सर, आमच्याकडं इनामगावला उत्खनन झालं तेव्हा वडील तिथं मजुरीला जायचे. मडक्यांतून लहान मुलांची हाडं निघायची, असं सांगायचे. ती तपासायला अमेरिकेचे कोणी साहेब पुण्याला आले होते म्हणे. ती हाडं आता कुठं आहेत?"

मी म्हणालो, "पुण्यातच. डेक्कन कॉलेजात."

"मग त्यातून काय निघालं, ते आम्हाला कुठं वाचायला मिळेल?"

शिक्षकाच्या हाती चटकन देता येईल असे, त्या हाडांविषयीचे एकही मराठी पुस्तक मला त्या क्षणी आठवले नाही. मी दोन इंग्रजी ग्रंथांची नावे सांगितली. त्यांनी ती वहीत लिहून घेतली, पण त्यांचा चेहरा मला पुष्कळ काही सांगून गेला. परत आल्यावर ते दोन्ही ग्रंथ आणि त्यांच्या आसपासचे बरेच काही पुन्हा वाचले. हाडांचा अभ्यास हा माझा विषय नव्हे, माझे काम खनिजांवरचे आहे. पण परदेशी प्रयोगशाळांबरोबर काम करण्यात माझी पंधरा-सोळा वर्षे गेली आहेत, आणि सहकार्य चांगले की वाईट हे कशावरून ओळखावे याविषयी माझी काही मते आहेत. ती इनामगावच्या निमित्ताने मांडतो.

दुसरा खंड आधी

इनामगाव घोड नदीच्या काठी आहे. घोड पुढे भीमेला मिळते. पुण्याच्या पूर्वेला पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटरवरचा हा भाग पर्जन्यछायेचा, वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पावसाचा. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. इ.स.पू. १६०० ते इ.स.पू. ७०० अशी सुमारे नऊशे वर्षे येथे शेतकऱ्यांची वस्ती होती. पहिला कालखंड माळवा संस्कृतीचा, इ.स.पू. १४०० पासून आद्य जोर्वे आणि इ.स.पू. १००० नंतर उत्तर जोर्वे. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. हे लोक मुख्यतः सातू पिकवत, आणि पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाट काढलेला होता.

दफनांची पद्धत विलक्षण होती. मूल दगावले की त्याला दोन मडक्यांत ठेवत. मडकी तोंडाला तोंड लावून आडवी करत आणि घरातल्याच जमिनीखाली पुरत. प्रौढांना खड्ड्यात उताणे निजवत, डोके उत्तरेला, आणि पावले घोट्यापासून तोडलेली. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला एक पुरुष सापडला, आणि त्याची पावले शाबूत होती. एन.सी.ई.आर.टी.च्या सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकात हा रांजण बरीच वर्षे होता. दिल्ली-लखनौच्या मुलांनी इनामगावचे नाव परीक्षेत लिहिले असेल, शिरूरच्या मुलांनीही लिहिले असेल. पण रांजणात कोण होते यापलीकडे धडा जात नसे.

उत्खननाचा अहवाल दोन खंडांत निघाला. पहिला, घरे-भांडी-धान्य यांचा, १९८८ साली. दुसरा, मानवी अवशेषांचा, त्याच्या दोन वर्षे आधी, १९८६ साली. जमीन खणताना वरचा, म्हणजे शेवटचा थर आधी हाती येतो, इथे खंडांचेही तसेच झाले! या दुसऱ्या खंडाचे लेखक दोन. ओरेगॉन विद्यापीठातले दंत-मानवशास्त्रज्ञ जॉन लुकाक्स आणि डेक्कन कॉलेजचे सुभाष वाळिंबे. प्रकाशक डेक्कन कॉलेज.

हा ग्रंथ वाचायला रुक्ष आहे. पानेच्या पाने मोजमापांची. पण माझ्या मते त्याचे मोल त्या रुक्षपणातच आहे, आणि ते समजण्यासाठी दातांविषयी थोडे सांगायला हवे.

आपले हाड जन्मभर झिजते आणि भरून निघते. दातावरचे कवच म्हणजे एनॅमल मात्र एकदा तयार झाले की पुन्हा घडत नाही. दुधाच्या दातांचे एनॅमल मूल पोटात असताना तयार व्हायला लागते आणि पहिल्या वर्षाच्या आसपास पुरे होते. त्या काळात मुलाची आबाळ झाली, आजारपण आले, की थर नीट बसत नाही, रेघ किंवा खड्डा राहतो. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या बाळाच्या सुळ्यावरचा खड्डा ही त्याच्या पहिल्या वर्षाची नोंद असते. दात किती तयार झाला आहे यावरून मुलाचे वय काढता येते, मांडीच्या हाडाच्या लांबीवरून उंची. वयाच्या मानाने हाड आखूड भरले तर वाढ खुंटली, असा अंदाज बांधता येतो. बालवाडीत वजन-उंचीचा तक्ता भरणाऱ्या बाई जे करतात तेच, फक्त मूल समोर उभे नसते. १९९८ साली लुकाक्स आणि वाळिंबे यांनी याच मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरील खड्ड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि त्याचा धागा हवामान व निर्वाहाच्या पद्धतीतील बदलाशी जोडला.

आता मुख्य गोष्ट. ढवळीकर यांचे म्हणणे असे होते की इ.स.पू. १००० च्या सुमारास हवामान कोरडे होत गेले, शेती बसली, चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, लोक अर्धे भटके झाले आणि शेवटी गाव सुटले. हे चित्र मनात ठसणारे आहे. दुष्काळ पाहिलेल्या शिरूर-दौंडच्या माणसाला तर ते पटकन पटते. पण २०११ साली ग्वेन रॉबिन्स शूग या अमेरिकन संशोधिकेचे पुस्तक आले. त्या लुकाक्स यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी इनामगावची तीच बालकांची हाडे पुन्हा तपासली, प्राचीन हवामानाविषयी मधल्या काळात जमलेली माहिती तिच्याशेजारी ठेवली, आणि हवामान बिघडले म्हणून गाव मोडले हे सरळ उत्तर पुरेसे नाही असे मांडले. मुलांच्या हाडांत वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना दिसल्या. पण त्यामागे माणसाने जमीन कशी वापरली, लोकसंख्या, अन्नाची बदललेली साधने अशी गुंतागुंत आहे, असा त्यांचा रोख आहे. पुस्तकाच्या नावात हवामानबदल आहे आणि प्रतिपादन मात्र हवामानबदलावर सगळे खापर फोडू नका असे आहे. प्रकाशकांना नाव लागते, त्याला इलाज नाही.

मला त्यांचे सगळे पटते असे नाही. मुलांच्या सांगाड्यांवरून समाजाच्या तब्येतीचा अंदाज करण्यात एक मोठी अडचण असते. दफनात सापडतात ती मुले मेलेली असतात. जगून मोठी झालेली त्या मडक्यांत नसतात. शिवाय दातावर आबाळीची खूण उमटायला मूल त्या आबाळीतून काही दिवस तरी तगावे लागते. जे लगेच गेले त्याचा दात स्वच्छ. म्हणजे स्वच्छ दात हे सुदृढ मुलाचे लक्षण की सर्वांत दुर्बळ मुलाचे? अमेरिकन अभ्यासकांच्या एका गटाने १९९२ साली हा पेच नीट मांडला आणि तेव्हापासून या विषयातल्या प्रत्येकाला त्याला तोंड द्यावे लागते. रॉबिन्स शूग यांचे निष्कर्षही त्याच पेचात उभे आहेत.

पण पाहा, हा वाद घालणे शक्य झाले कशामुळे? हाडे पुण्यात राहिली म्हणून. आधीच्या दोघांनी केवळ निष्कर्ष न देता मोजमापे छापली म्हणून. आणि पंचवीस वर्षांनी आलेल्या तिसऱ्या व्यक्तीला तेच दात हातात घेऊन 'मला वेगळे दिसते' असे म्हणता आले म्हणून. माझ्या लेखी चांगल्या सहकार्याची ही पहिली खूण आहे. करारावर कोणत्या देशांचे झेंडे आहेत हे मी नंतर बघतो.

बर्लिनची कवटी

ही मोजमापाची विद्या पुण्याला आली कोठून? तिची एक वाट जर्मनीतून येते, आणि त्या वाटेवर चालताना आपण जरा सावध राहिले पाहिजे.

इरावती कर्वे १९२०च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे यजमान दिनकर कर्वे यांनी आधी जर्मनीतच रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेतलेली होती. बर्लिनच्या दालेम भागात कैसर विल्हेल्म सोसायटीने १९२७ साली एक संस्था उघडली होती, मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र यांसाठी. संचालक ऑयगेन फिशर. इरावतीबाईंना प्रबंधासाठी मिळालेला विषय होता कवटीची असमानता. कोणाचीही कवटी डावी-उजवीकडे तंतोतंत सारखी नसते. फिशर यांची धारणा अशी की गोऱ्या युरोपीयांत ही असमानता विशिष्ट प्रकारची असते, त्यांच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो आणि त्याचा संबंध बुद्धीशी आहे. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. असमानता सर्वत्र आढळली, वंशाशी तिचा संबंध आढळला नाही, आणि त्यांनी तसे लिहिले.

ही हकिकत आता पुष्कळांना माहीत झाली ती २०२४ साली आलेल्या 'इरू' या इंग्रजी चरित्रामुळे. त्याचे लेखक दोन. इरावतीबाईंची अमेरिकेत राहणारी नात ऊर्मिला देशपांडे आणि जर्मनीत काम करणारे मानवशास्त्रज्ञ थियागो पिंटो बार्बोसा. अटलांटिकच्या दोन काठांवरून लिहिलेले पुण्याच्या बाईंचे चरित्र! एका जर्मन प्रबंधात पडून राहिलेली गोष्ट त्यांनी सर्वांसमोर आणली, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. माझी तक्रार पुस्तकाशी नाही, ते आल्यावर वृत्तपत्रांतून आणि भाषणांतून जो सूर लागला त्याच्याशी आहे. 'नाझी सिद्धांताला आव्हान देणारी भारतीय स्त्री' असे मथळे वाचले. ऐकायला बरे वाटते. पण सन तपासा. नाझी सत्तेवर आले १९३३ साली. फिशर पक्षाचे सभासद झाले १९४० साली. इरावतीबाई बर्लिनला होत्या तेव्हा ही संस्था राक्षसांचा अड्डा म्हणून ओळखली जात नव्हती, तर आधुनिक, प्रतिष्ठित, जगभर संबंध असलेली संशोधन संस्था म्हणून ओळखली जात होती. आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी जर्मन लोकसंख्येची जी मोठी मानवशास्त्रीय पाहणी झाली, जिच्यात फिशर यांच्या संस्थेचा मोठा हात होता, तिला पैसा दिला तो अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनने.

म्हणजे जर्मन संशोधनाला अमेरिकन सहकार्याने बळ देण्याचा प्रकार आजचा नाही. तो तेव्हाही होता, चांगल्या कागदावर छापलेला, सन्मान्य सह्या असलेला. त्याच संस्थेतून पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे. १९४२ नंतर ओटमार फॉन फर्शूअर संचालक असताना त्यांचा जुना विद्यार्थी मेंगेले आउश्वित्झच्या छळछावणीतून तेथे मानवी अवयव पाठवत होता. कैसर विल्हेल्म सोसायटीची वारसदार असलेल्या माक्स प्लांक सोसायटीने २००१ साली याबद्दल जाहीर क्षमायाचना केली. संस्थेची इमारत आज बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीकडे आहे. तिच्या जवळ २०१४ साली बांधकामाच्या वेळी मानवी हाडे निघाली. नंतरच्या उत्खननात सुमारे सोळा हजार तुकडे मिळाले. ती माणसे कोणती, कोठून आणली, हे एकेकाविषयी सांगता आले नाही. मार्च २०२३ मध्ये ते तुकडे एकत्रच पुरण्यात आले.

शिरूरच्या त्या शिक्षकांचा प्रश्न मला या ठिकाणी पुन्हा ऐकू आला. ती हाडं आता कुठं आहेत?

इरावतीबाईंचे मोठेपण मला मथळ्यांत सांगतात त्याहून साधे आणि कठीण वाटते. समोर खलनायक नव्हता, मार्गदर्शक होते. विषय त्यांनी दिलेला, कवट्या त्यांच्या, पदवी त्यांच्या हातात. अशा वेळी 'आपल्याला अपेक्षित आहे ते मला मोजमापात दिसत नाही' असे लिहिणे हे कोणत्याही संशोधक विद्यार्थ्याला विचारा किती अवघड असते. मात्र एक गोष्ट चरित्राच्या ओघात निसटू नये. त्यांनी निष्कर्ष नाकारला, उपकरण ठेवले. पुण्यात आल्यावरही त्या माणसे मोजत राहिल्या. वि. म. दांडेकर यांच्याबरोबर महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांचे पुस्तक त्यांनी १९५१ साली काढले. तिथे त्यांचा प्रश्न वेगळा होता. एकाच नावाखाली येणाऱ्या पोटजाती खरोखर एकमेकींच्या जवळच्या आहेत का, असा. तो प्रश्न चांगला होता. तरीही शरीराच्या मापांवरून समाजाची घडण कळेल हा विश्वास बर्लिनहून त्यांच्यासोबत आला होता, आणि तो आज टिकणारा नाही. आदर ठेवून हे म्हणता येते.

पदव्या येतात, पूर्वेतिहास येत नाही

आता एक कमी माहितीतले उदाहरण. गुजरातेत लांघणज येथे १९४४ साली सांकलिया आणि इरावतीबाई यांच्या मोहिमेत अश्मयुगीन मानवी सांगाडे मिळाले. त्यांचा अंतिम अहवाल डेक्कन कॉलेजने १९६५ साली छापला. लेखक दोन. जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठाच्या सोफी एरहार्ट आणि अमेरिकन मानवशास्त्रज्ञ केनेथ केनेडी. हाडे भारतीय, एक लेखिका जर्मन, एक लेखक अमेरिकन, छपाई पुण्याची. माहितीपत्रकात घालण्याजोगे उदाहरण!

पण या एरहार्टबाई कोण? १९३८ पासून त्या रोबर्ट रिटर यांच्या 'वंशशुद्धी संशोधन केंद्रा'त काम करत होत्या. जर्मनीतील सिंती आणि रोमा लोकांची मोजमापे घेणे, त्यांची वंशावळ आणि 'मिश्रण' ठरवणे हे त्या केंद्राचे काम. अशा नोंदींच्या आधारे ठरवलेली हजारो माणसे छळछावण्यांत गेली. युद्धानंतर एरहार्ट प्राध्यापक झाल्या. त्यांच्याविरुद्धची चौकशी शिक्षेपर्यंत पोचली नाही. रोमा लोकांच्या त्या नोंदी ट्यूबिंगेनला राहिल्या होत्या. १९८१ साली सिंती आणि रोमा कार्यकर्त्यांनी विद्यापीठाच्या दप्तरखान्यात ठिय्या दिला, तेव्हा कुठे त्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेल्या.

लांघणजच्या अहवालातली मापे खोटी आहेत असे मी म्हणत नाही. कवटीची लांबी कोणी मोजली यावरून बदलत नाही. केनेडी यांनी तर पुढे आयुष्यभर वंशांच्या कप्प्यांविरुद्ध लिहिले. हाडांवरून 'आर्य' ओळखता येतात ही समजूत त्यांनी १९९५ च्या निबंधात खोडून काढली. माझा मुद्दा एवढाच की देशोदेशींच्या सहकार्यात पदवी, विद्यापीठ आणि शिफारसपत्र समुद्र ओलांडून येते. पूर्वेतिहास मागेच राहतो. घेणाऱ्याने तो विचारायचा असतो. आपण बहुधा विचारत नाही, कारण परदेशी नाव जोडले जाण्याचा आनंद मोठा असतो. हे मी स्वतःवरूनही सांगतो. उमेदवारीच्या काळात एका युरोपीय प्रयोगशाळेला मी दोन खोकी नमुने मोठ्या हौसेने पाठवले होते. वर्षभराने निबंध छापून आला. आभारांच्या यादीत माझे नाव होते, तेही चुकीचे. नमुने परत मागण्याचे मला तेव्हा सुचलेही नाही.

जर्मन विज्ञानाविषयी मन कडवट करावे असा हा लेख नाही. ज्या माक्स प्लांक सोसायटीने क्षमा मागितली तिच्याच लाइपझिगच्या संस्थेत स्वांते पेबो यांच्या गटाने २०१० साली निअँडरथल मानवाच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्या कामात हार्वर्डच्या डेव्हिड राइश यांच्यासारखे अमेरिकन गणिती डोके होते. आफ्रिकेबाहेरच्या आपणा सर्वांत निअँडरथलचा थोडा अंश आहे हे त्यातून कळले. शुद्ध वंशाच्या कल्पनेची याहून चांगली वासलात कोणती लागणार? पेबो यांना २०२२ साली नोबेल मिळाले. २०१७ साली माक्स प्लांक आणि हार्वर्ड यांनी भूमध्य सागराभोवतीच्या प्राचीन जगाच्या अभ्यासासाठी संयुक्त केंद्रही काढले. हे सहकार्य खरे आहे आणि फळालाही आले आहे.

मात्र या नव्या विद्येने शिरूरच्या प्रश्नाला धार आणली आहे. लुकाक्स आणि वाळिंबे यांनी दात मोजले, नोंदवले आणि परत डब्यात ठेवले. डी.एन.ए. काढायचा तर हाड कोरावे लागते, बहुधा कानामागचे घट्ट हाड. त्याची पूड होते. ती पूड परत ठेवता येत नाही. आपल्या उष्ण हवामानात डी.एन.ए. टिकतही नाही. हरियाणातील राखीगढीच्या २०१९ सालच्या अभ्यासात ६१ नमुने तपासले, उपयोगी माहिती मिळाली एकातून. तो अभ्यास डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे आणि हार्वर्ड यांनी मिळून केला होता. एकातून मिळाली ती मोलाची होती यात शंका नाही. पण उरलेल्या साठांचे काय, हा हिशेबही मांडायला हवा. २०२१ साली ३१ देशांतल्या संशोधकांनी मिळून प्राचीन डी.एन.ए.च्या अभ्यासासाठी पाच नियम सुचवले. हाडांची कमीत कमी हानी करा, काम सुरू करण्याआधी आराखडा लिहा, माहिती फेरतपासणीसाठी खुली ठेवा, त्या भागातल्या लोकांशी बोला, स्थानिक कायदे पाळा. चांगले नियम आहेत. 'त्या भागातल्या लोकांशी बोला' हा मला त्यात सर्वांत अवघड वाटतो. कारण इनामगावच्या मातीतून निघालेल्या ज्ञानाविषयी इनामगावशी बोलायचे तर ते मराठीत बोलावे लागेल. १९८६ च्या खंडाचा मोठा दोष तोच, आणि २०११ च्या पुस्तकाचाही. दोन्ही ग्रंथ एकमेकांशी उत्तम बोलतात. घोडकाठच्या शाळेशी बोलत नाहीत.

आता वर्गात करण्याजोगे काही. इरावतीबाईंचा प्रबंध आठवी-नववीला समजेल असा करता येतो. कवटीऐवजी हात घ्या. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत उजवा आणि डावा पंजा मोजायचा, मिलिमीटरमध्ये. प्रत्येक मुलाचे माप तीन जणांनी स्वतंत्रपणे घ्यायचे, एकमेकांना न सांगता. तीन मापांतच किती फरक पडतो हे आधी फळ्यावर लिहा. पुष्कळदा तो डाव्या-उजव्यातल्या फरकाएवढाच निघतो. मग वर्गाचे दोन गट पाडा, पटावरचे सम आणि विषम क्रमांक. दोन्ही गटांची सरासरी असमानता काढा. ती सहसा अगदी सारखी येत नाही. त्यानंतर एकेका गटात मुलामुलांत किती फरक आहे ते शेजारी मांडा.

मी हे त्या शिक्षकांना पत्राने कळवले होते. त्यांचे उत्तर आले. नववीच्या वर्गात विषमपेक्षा सम क्रमांकाच्या मुलांचे पंजे सरासरीने अर्धा मिलिमीटर अधिक असमान भरले. एका मुलीने लगेच विचारले, सम नंबरवाले जास्त हुशार असतात का सर? पाठोपाठ दुसरीने उभे राहून सांगितले की तिचे माप घेताना बंडूने पट्टी उलटी धरली होती, तेव्हा सगळे पुन्हा मोजावे लागेल.